सगळ्या वयांचा गाण्याचा वर्ग

संगीताचा सार्वजनिक वर्ग ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. कोल्हापुरात देवल क्लब 1883 साली निघाला. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी 1911 साली भारत गायन समाज सुरू केला. त्याच्या दहा वर्षं आधी, 5 मे 1901 रोजी, कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडलं होतं. गवयाच्या घरात जन्म नाही, गुरूकडे राहून वर्षानुवर्षं सेवा करणं शक्य नाही, अशा माणसालाही ठरलेल्या वेळी, ठरलेली फी भरून शिकता यावं, ही सोय या मंडळींनी करून दिली. आज आपल्या गावात किंवा वसाहतीत असा वर्ग सुरू करायचा विचार आपण करत असाल, तर तो कसा उभा राहतो आणि कुठे अडतो ते क्रमाने पाहू.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. वर्गात विद्यार्थी आठवड्याला फार तर दोन तास बसतो. उरलेल्या दिवसांत तो घरी गातो की नाही, यावर तो वर्षभराने वर्गात असेल की नसेल हे ठरतं. म्हणून जागा, वेळ, वाद्यं, फी, परीक्षा यांतला प्रत्येक निर्णय घेताना आपण स्वतःला विचारावं, की यामुळे माणूस घरी रियाजाला बसेल का?

पहिलं काम चौकशीचं. वाचनालयात, शाळेत, भजनी मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन विचारावं. पण ‘वर्ग काढला तर याल का’ असं विचारू नये. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘कोणत्या वारी, किती वाजता येऊ शकाल’ असं विचारावं आणि वहीत लिहून घ्यावं. सर्वसाधारणपणे निवृत्त लोकांना सकाळ सोयीची असते, घर सांभाळणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते चार, मुलांना शाळा सुटल्यावर, नोकरदारांना रात्री साडेसातनंतर. यांतल्या ज्या दोन वेळांना प्रत्येकी आठ-दहा नावं पक्की होतील, तेवढ्याच वेळा पहिल्या वर्षी चालवाव्यात. चारही वेळा एकदम उघडल्या की चारही अर्ध्या रिकाम्या राहतात आणि शिक्षकाचा हुरूप जातो.

मग जागा. देवळाचा सभामंडप, वाचनालयाची वरची खोली, शाळेचा वर्ग, सोसायटीचा हॉल, काहीही चालतं. पाहायचं ते असं: टाळी वाजवून बघावी. आवाज घुमत राहिला तर तिथे नवख्या माणसाला आपला स्वर ऐकू येणार नाही. जाड सतरंज्या आणि पडदे लावले की बराच फरक पडतो. पत्र्याच्या छपराखाली जुलैत पावसाच्या आवाजापुढे काहीच चालत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी सात-आठ खुर्च्या हव्यात, जिना शक्यतो नको, स्वच्छतागृह जवळ हवं. कुलूप लावता येईल असं कपाटही हवं, नाहीतर तबला रोज कुणाच्या तरी स्कूटरवरून येईल आणि एक दिवस येणार नाही. शेजाऱ्यांना आधी भेटून वर्गाच्या वेळा सांगाव्यात. नंतर तक्रार घेऊन ते येण्यापेक्षा हे सोपं.

जागा निवडताना मुलांच्या सुरक्षिततेचा विचारही तेव्हाच करावा. वर्ग चालू असताना दार उघडं राहील, आत आणखी एक मोठं माणूस असेल, आणि एकट्या मुलाची एकट्या शिक्षकाकडे बंद खोलीत शिकवणी होणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखा लावावा. नियम सुरुवातीपासून असला की त्यात कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही.

शिक्षक निवडताना लोक सहसा गावातला सर्वांत चांगला गाणारा शोधतात. माझं मत वेगळं आहे. नवशिक्याला ‘सा’ सापडेपर्यंत जो न कंटाळता थांबतो, तो आपल्याला हवा. त्याला एक वर्ग घ्यायला सांगून आपण मागे बसावं. तो स्वतः किती गातो आणि शिकणाऱ्यांना किती गायला लावतो, एवढंच पाहावं. तासातला अर्ध्याहून जास्त वेळ शिक्षकच गात असेल तर ती मैफल झाली, शिकवणी झाली नाही. मानधन हजेरीवर ठेवू नये, तासावर ठेवावं. पावसात चारच जण आले म्हणून शिक्षकाचे पैसे कापले, तर गणपतीनंतर शिक्षकच येणार नाही.

आता वाद्यं. गायनाच्या वर्गाला एक हार्मोनियम, एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबल्याची जोडी एवढ्यात सुरुवात होते. मिरजेचा खरा तानपुरा घेण्याची ऐपत झाली तर जरूर घ्यावा. तिथल्या कारागिरांच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण तानपुरा लावायला, म्हणजे तारा योग्य स्वरात आणायला आणि जवारी खुलवायला (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून नाद भरदार करायला) येणारा माणूस वर्गात असेल तेव्हाच. बेसूर लागलेला तानपुरा शिकणाऱ्याचा कान बिघडवतो. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक बरा.

तबल्याच्या खरेदीत एक चूक हमखास होते. एकच तबला सगळ्यांना लागत नाही. तोंड जितकं लहान तितका स्वर उंच. पुरुषांच्या काळी एक या पट्टीला (पट्टी म्हणजे काय ते पुढे येतंच) सव्वापाच-साडेपाच इंची तोंडाचा तबला चांगला बोलतो, बायकांच्या काळी चार-पाचला सहा इंचांच्या आसपासचा. लहान तबला वादी सैल करून उतरवला की तो बद्द वाजतो. मोठा फार चढवला की पुडी (तोंडावरचं कातडं) फाटते. आपल्या वर्गात बायका आणि मुलं जास्त असतील तर मोठ्या तोंडाचा आधी घ्यावा. पावसाळ्यात दमट हवेने कातडं सैलावतं, म्हणून तबला गवसणीत घालून कपाटात, जमिनीपासून वर ठेवावा. हार्मोनियम मात्र रोज थोडी वाजवलीच पाहिजे. बंद पेटीत किडे आणि उंदीर भात्याचं कातडं खातात.

यानंतर येते गट पाडण्याची पायरी, आणि सगळ्या वयांच्या वर्गात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. लोक वयावरून गट पाडतात. गाण्यात गट पाडायचे ते पट्टीवरून. पट्टी म्हणजे गाणारा ज्या स्वराला आपला ‘सा’ मानतो ती जागा; हार्मोनियमच्या एका सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून तिला ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’ असं नाव देतात.

पुरुषांची पट्टी बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या दरम्यान असते, बायकांची पांढरी पाच ते काळी पाचच्या आसपास. दहा वर्षांच्या मुलाची पट्टी बापापेक्षा आईच्या जवळची असते. त्यामुळे मुलगा आणि त्याची आई एका गटात आरामात बसतात, पण दोन मध्यमवयीन शेजारी, एक बाई आणि एक पुरुष, एका गटात बसवले की दोघांपैकी एकाला ओरडावं लागतं नाहीतर पुटपुटावं लागतं. तो माणूस ‘माझा आवाजच नाही’ असं म्हणून महिन्याभरात जातो. आवाज असतो, पट्टी चुकलेली असते.

पट्टी काढायची रीत सोपी आहे. एक ‘सा’ धरावा, तिथून हळूहळू खाली मंद्र (खालच्या) सप्तकातल्या पंचमापर्यंत (प) जावं आणि वर तार (वरच्या) सप्तकातल्या गंधारापर्यंत (ग). दोन्ही टोकं मान न ताणता, चेहरा न आक्रसता आली तर तो ‘सा’ बरोबर. नवशिक्याची टोकं इतकी दूर जात नसतील तर खाली धैवत (ध) आणि वर तार ‘सा’ एवढं पाहावं. ही चाचणी एकेकाला बाजूला घेऊन करावी, सगळ्यांसमोर नको. प्रत्येकाची पट्टी हजेरीपटात नावापुढे लिहावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासावी, कारण ती बदलते. साठीनंतर अनेक बायकांचा आवाज खाली येतो आणि त्या मात्र तरुणपणची पट्टी सोडायला तयार नसतात. त्यांना तार सप्तकात न नेता, एक-दोन पट्ट्या उतरून गायला लावावं; आवाजाला आलेला भरीवपणा त्यांना स्वतःलाच ऐकू येतो.

मुलग्यांचा आवाज बारा ते पंधराच्या दरम्यान फुटतो. या काळात स्वर मध्येच घसरतो, मुलाला लाज वाटते आणि तो वर्ग सोडतो. दरवर्षी असे मुलगे गळतात आणि हे टाळता येण्यासारखं आहे. पालकांना आणि मुलाला आधीच सांगावं की हे होणार आहे आणि ते आजारपण नाही. त्या महिन्यांत थोडंच, खालच्या स्वरांत, न ताणता गाऊन घ्यावं आणि उरलेला वेळ तबल्याला किंवा हाताने ताल धरायला द्यावा. आवाज बसला की नवी पट्टी काढावी.

पैशाचा हिशोब वर्ग सुरू होण्याआधी कागदावर मांडावा. समजा 30 विद्यार्थी आणि महिना 500 रुपये फी. महिन्याला 15,000 येतील असं धरून लोक जागेचं भाडं आणि मानधन ठरवतात. पण मे महिना, दिवाळी आणि गणपती मिळून वर्षातले दोन महिने फी येत नाही असं समजावं. पाच जणांना सवलत द्यावी लागेल; द्यावीच. म्हणजे 25 जण, 500 रुपये, दहा महिने: वर्षाचे 1,25,000. बाराने भागले तर महिना साधारण 10,400. खर्च या आकड्यात बसवावा. वाद्यांची दुरुस्ती, पुड्या बदलणं आणि वीजबिल विसरू नये.

आणि इमारतीच्या मागे लवकर लागू नये. पलुस्करांसारख्या माणसाने मुंबईत विद्यालयासाठी कर्ज काढून वास्तू उभारली. ते फेडायला गावोगाव जलसे केले, तरी 1924च्या सुमारास धनकोंनी मालमत्ता लिलावात काढली. त्यांनी घडवलेले शिष्य मात्र देशभर गेले आणि विद्यालयं काढत राहिले. त्यांतल्याच विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. आपल्याकडे शिल्लक पडली तर ती आधी शिक्षकाच्या मानधनात घालावी.

आता प्रत्यक्ष शिकवणं. पहिले तीन महिने फार नाजूक असतात. एका बाजूला फक्त ‘सा रे ग म’ आणि अलंकार (स्वरांचे ठरावीक पलटे) घोटून घेतले तर मोठी माणसं कंटाळतात. दुसऱ्या बाजूला पहिल्याच आठवड्यात भावगीत दिलं तर स्वर कधीच पक्का होत नाही. मधला रस्ता पाच स्वरांच्या रागांचा आहे. भूपात सा रे ग प ध, दुर्गेत सा रे म प ध. स्वर कमी, त्यामुळे चुकायला जागा कमी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भूपातली मध्य लयीची छोटी बंदिश (रागात बांधलेली चीज) द्यावी. घरी जाऊन म्हणून दाखवायला काहीतरी मिळालं की माणूस पुढच्या तासाला येतो.

ताल हातावर शिकवावा. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग, पहिल्या मात्रेवर सम म्हणजे जिथे सगळं येऊन मिळतं ती जागा, नवव्या मात्रेवर खाली म्हणजे टाळी न देता हात बाजूला करायची जागा. गटाचे दोन भाग करावेत: अर्ध्यांनी गावं, अर्ध्यांनी टाळी धरावी, मग उलट. इथे मुलं मोठ्यांच्या पुढे असतात. नोकरदार माणूस मात्रा मोजत बसतो आणि गाणं विसरतो. शेजारी बसलेली आठ वर्षांची मुलगी न मोजता समेवर येते. तिला त्याच्या शेजारी मुद्दाम बसवावं.

वर्गातली सर्वांत मोठी खोड हार्मोनियमची. शिक्षक प्रत्येक स्वर पेटीवर वाजवत राहतो, विद्यार्थी त्याच्या आधाराने गातो, सगळं सुरेल वाटतं. पेटी थांबवा, आणि स्वर कुठल्या कुठे जातो. म्हणून दर तासाला निदान पंधरा मिनिटं पेटी बंद, फक्त तानपुरा. सुरुवातीला ऐकायला त्रास होतो. तो सहन करावा.

आता घरच्या रियाजाकडे येऊ. लोक रियाज करत नाहीत याचं कारण आळस, असं आपण म्हणतो. जवळून पाहिलं तर कारणं वेगळीच निघतात.

पहिलं कारण म्हणजे नेमकं काय करायचं ते माहीत नसतं. ‘रियाज करून या’ हे सांगणं नाही. तासाच्या शेवटी प्रत्येकाच्या वहीत एक ओळ लिहून द्यावी: ‘सा वर पाच मिनिटं, मग भूपाचे आरोह-अवरोह सावकाश दहा वेळा, मग बंदिशीची पहिली ओळ.’ ज्येष्ठांसाठी अक्षर मोठं काढावं. वीस मिनिटांच्या वर काही देऊ नये. वीस मिनिटं रोज करणारा माणूस पुढे आपणहून चाळीसवर जातो; तासभर दिलेला माणूस एकदाही बसत नाही.

दुसरं, घरी स्वर नसतो. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतं, पण ते ज्या पट्टीवर आधीपासून असतं त्याच पट्टीवर लोक गात राहतात. वर्गात प्रत्येकाचा फोन हातात घेऊन त्याची पट्टी लावून द्यावी. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज (खालचा ‘सा’) नीट ऐकू येत नाही, म्हणून साधा बाहेरचा स्पीकर किंवा एका कानात इअरफोन सुचवावा. दुसरा कान आपल्या आवाजासाठी मोकळा. शिक्षकाने बंदिश रेकॉर्ड करून पाठवली तर ती विद्यार्थ्याच्या पट्टीत आहे ना हे पाहावं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गुरुजींची ध्वनिफीत काळी चारच्या मुलीला ऐकायला उपयोगी, बरोबर गायला नाही.

तिसरं कारण लाज आणि जागा. दोन खोल्यांच्या घरात, जिथे भिंतीपलीकडचा कुकरही ऐकू येतो, तिथे पन्नाशीच्या बाईने ‘सा’ लावून बसणं सोपं नाही. अशांसाठी वर्गाची खोली अर्धा तास आधी उघडी ठेवावी. एका गल्लीतल्या दोघी-तिघींची जोडी लावून द्यावी, एकीच्या घरी सोमवार, दुसरीच्या घरी गुरुवार. एकत्र बसणाऱ्या सहसा वर्ग सोडत नाहीत.

मुलांच्या बाबतीत पालकांना दोन गोष्टी सांगाव्यात. पाहुण्यांसमोर ‘गाऊन दाखव’ असा आग्रह करू नये. आणि रियाजाची वेळ रोज तीच ठेवावी, दात घासण्याइतकी ठरलेली. आईबाप स्वतः वर्गात येत असतील तर हे काम निम्मं होतं. सगळ्या वयांचा वर्ग काढण्याचं खरं कारण माझ्या मते हेच आहे: घरात रियाज करणारी दोन माणसं असली की गाणं त्या घरातली रोजची गोष्ट होते.

पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं वहीतली ती ओळ ऐकण्यात घालवावी, एकेकाची, दोन-दोन आवर्तनं. रागवायचं नाही. फक्त ऐकायचं. ऐकलं जाणार आहे हे माहीत असलं की माणूस आदल्या रात्री तरी बसतो.

परीक्षांचा प्रश्न दुसऱ्या वर्षी येतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारपर्यंत जातात. वर्षातून दोन सत्रं असतात, एक उन्हाळ्यात आणि एक वर्षाअखेरीस. सुरुवातीच्या पातळीवर भर प्रात्यक्षिकावर असतो, पुढे लेखी पेपर वाढत जातात. शाळकरी मुलांना वर्षाअखेरचं सत्र सोयीचं, कारण उन्हाळ्यातल्या सत्राची तयारी शाळेच्या परीक्षेतच येते. परीक्षेने अभ्यासाला आकार येतो हे खरं. पण प्रत्येकाला बसवायचा अट्टहास धरला की वर्गात पाठ्यक्रमातले राग तेवढे पाठ होतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी रियाज थांबतो. ज्याला परीक्षेला बसायचं असेल त्याने बसावं, बाकीच्यांच्या तासात काहीही कमी होऊ नये. सत्तरीतल्या माणसाला प्रारंभिकला बसायचं असेल तर त्याला अवश्य बसवावं; त्याच्या तयारीने सगळा वर्ग कामाला लागतो.

वर्षातून एक कार्यक्रम पुरे. गुरुपौर्णिमेला किंवा पलुस्करांच्या पुण्यतिथीला, 21 ऑगस्टला, बरेच वर्ग तो करतात. पाच तासांचा कार्यक्रम कुणीच पूर्ण ऐकत नाही. दोन तासांत बसवावा आणि पाहुण्यांचं भाषण एकच ठेवावं. मुलांचं आधी झालं की पालक उठून जातात, म्हणून सगळ्यांचं मिळून एक गाणं शेवटी ठेवावं. ते एका सप्तकाच्या आत फिरणारं असावं, बायका-मुलांच्या पट्टीत, पुरुषांनी त्याच स्वरात एक सप्तक खाली. ध्वनिक्षेपक असेल तर रात्री दहाला बंद करावाच लागतो, तेव्हा वेळेचं गणित उलटं, दहापासून मागे मांडावं.

पहिलं वर्ष वाचनालयाच्या किंवा एखाद्या मंडळाच्या छत्राखाली काढता येतं. वर्ग टिकतो असं दिसलं की नोंदणी करावी. त्यासाठी संस्था नोंदणी कायदा 1860 खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्त कार्यालयातही नोंद होते. संस्था अडते ती नोंदणीत नाही, नंतर. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे बदलाची रीतसर सूचना, द्यावा लागतो. तो राहून जातो आणि काही वर्षांनी बँकेत सही कुणाची यावरून खातं अडकतं. हिशोब दरवर्षी तपासून घ्यावेत आणि बँक खात्यावर दोघांच्या सह्या ठेवाव्यात.

चौथ्या वर्षाच्या सुमारास आपला शिक्षक आजारी पडेल, बदली होईल किंवा थकेल. त्याआधीच, दुसऱ्या वर्षापासून, पुढे गेलेल्या दोघा-तिघांना नवशिक्यांच्या गटावर मदतनीस म्हणून बसवावं. पलुस्करांनी आपल्या विद्यालयात शिक्षक तयार करण्याचं काम मुद्दाम केलं होतं, म्हणून ते काम त्यांच्या मागे चाललं. मदतनिसाने पट्टी काढावी, वहीतली ओळ लिहावी, पहिली दहा मिनिटं ऐकावं. बंदिश अजून शिक्षकानेच द्यावी. मदतनिसाची फी माफ करावी आणि थोडं का होईना, मानधन द्यावं, तेही महिन्याच्या महिन्याला, वहीत सही घेऊन.